किंमत ठरते मागणीपत्रात

सरकारी खरेदीची चर्चा आपल्याकडे बहुधा निविदा उघडल्यानंतर सुरू होते. कोणाचा दर कमी होता, तो डावलून दुसऱ्याला काम का दिले, दर फुगविण्यात कोणाचा हात होता, हे प्रश्न विधिमंडळात विचारले जातात. लेखापरीक्षक त्यांची नोंद घेतात आणि वृत्तपत्रेही त्यांना ठळक प्रसिद्धी देतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु पैसा वाया जाण्याची क्रिया पुष्कळदा याच्या आधीच, कोणाचे लक्ष नसताना, पूर्ण झालेली असते. काय हवे आहे हे ज्या कागदावर लिहिले जाते, त्या मागणीपत्रातच ती घडते. अवजड वाहनांच्या सुट्या भागांची खरेदी हे याचे बोलके उदाहरण होय. विषय वरकरणी रुक्ष आणि भांडारपालाच्या टेबलापुरता वाटतो. पण एस. टी.ची गाडी वेळेवर सुटणार की आगारात उभी राहणार, घाट उतरताना मालमोटारीचा ब्रेक लागणार की नाही, आणि एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्या मालकाच्या हाती महिनाअखेर काय उरणार, हे या रुक्ष विषयावर अवलंबून असते.

एखाद्या नगरपालिकेच्या वाहन विभागातून किंवा साखर कारखान्याच्या भांडारातून दुकानदारांना जाणारे पत्र डोळ्यांसमोर आणावे. ‘मालमोटारीकरिता क्लच प्लेट, नग चार. आपला कमीत कमी दर कळवावा.’ अशा मजकुराची पत्रे दुर्मीळ नाहीत. या पत्राला तीन उत्तरे येतात. पहिला दुकानदार वाहन बनविणाऱ्या कंपनीच्या शिक्क्याच्या प्लेटचा दर देतो. दुसरा त्याच मापाच्या, पण दुसऱ्या कारखान्यात तयार झालेल्या प्लेटचा दर देतो. तिसऱ्याच्या मनात जुन्या प्लेटला नवे अस्तर लावून दिलेला माल असतो. तिघेही खोटे बोलत नाहीत, कारण पत्रात विचारलेल्या प्रश्नाला तिघांचीही उत्तरे बरोबर आहेत. मग कार्यालयात तुलनात्मक तक्ता तयार होतो, तीन आकडे एकाखाली एक लिहिले जातात आणि सर्वांत लहान आकड्यापुढे मंजुरीची सही होते. कागदोपत्री स्पर्धा झालेली असते; प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या वस्तूंच्या किमती एकमेकींशी ताडून पाहिलेल्या असतात.

एक नाव, अनेक वस्तू

सुट्या भागांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक होतो, याला वाहनांच्या रचनेतच कारण आहे. एकाच नावाची आणि बाहेरून सारखीच दिसणारी मालमोटार वर्षानुवर्षे विकली जाते, पण तिच्या आतील यंत्रणा बदलत राहते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर नव्या वाहनांना भारत स्टेज चारचे, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. सहाव्या टप्प्याबरोबर अवजड वाहनांच्या धूर बाहेर टाकण्याच्या व्यवस्थेत युरियाच्या द्रावणाची टाकी, ते फवारणारा पंप आणि वायूचे प्रमाण मोजणारे संवेदक ही सामग्री सर्रास वापरात आली. साहजिकच एकाच आवारात आज तीन पिढ्यांची वाहने उभी असतात आणि इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरसारखा भाग एका पिढीचा दुसरीला चालत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अवजड वाहनांची भारमर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढविली. चार चाकांच्या एका आसावर पूर्वी १०.२ टनांचा भार चालत असे, तो ११.५ टन झाला. आस, कमान पाटे आणि ब्रेक यांची निवड करताना हा फरक विसरून चालत नाही. शिवाय गिअरपेटी, आस आणि सुकाणू यांचे पुरवठादार वेगवेगळे असू शकतात आणि त्यांच्या अंगावर त्यांची स्वतंत्र क्रमांकपट्टी असते. केवळ गाडीचे नाव लिहिले म्हणजे भागाची ओळख पटली, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण बेअरिंगचे आहे. ‘६२०५’ एवढा क्रमांक सांगितला, की आतील व्यास २५ मिलिमीटर, बाहेरील ५२ आणि रुंदी १५ हे माप ठरून जाते. तो जर्मनीत तयार झालेला असो, जपानमध्ये असो वा जयपूरमध्ये, माप तेच राहते. या चार अंकांमागे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाचे प्रदीर्घ परिश्रम आहेत. वस्तूची भाषा सर्वांना समान झाली म्हणूनच तेथे दरांची तुलना अर्थपूर्ण होते. स्पर्धेसाठी अनेक विक्रेते लागतात हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण ते सारे एकाच वस्तूबद्दल बोलत असले पाहिजेत, ही तितकीच महत्त्वाची अट पाठ्यपुस्तकात ‘एकजिनसी वस्तू’ या दोन शब्दांत उरकली जाते. व्यवहारात एकजिनसीपणा आयता मिळत नाही. तो कोणाला तरी मागणीपत्रात लिहून निर्माण करावा लागतो.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की एकाच वस्तूचे बाजारात अनेक दर असतात आणि योग्य दर शोधण्यालाही खर्च येतो. शोधातून होणारी बचत त्या खर्चापेक्षा अधिक असेल तोवरच शोध घेणे शहाणपणाचे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन पुढचा मुद्दा मांडला. चांगला माल कोणता आणि वाईट कोणता हे विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. ग्राहक मग सरासरी किंमतच देऊ करतो. ती चांगल्या मालाच्या विक्रेत्याला परवडत नाही, तो बाजारातून अंग काढून घेतो आणि मागे हिणकस माल उरतो. स्टिग्लर यांना १९८२ मध्ये आणि अकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मोघम पत्राला प्रामाणिक दर दिल्यामुळे दोनतीन वेळा हात हलवीत परतलेल्या कोणत्याही दुकानदाराला अकरलॉफ यांचा सिद्धान्त अनुभवाने कळलेला असतो. चौथ्या वेळी तो एकतर दर देत नाही, किंवा इतरांसारखाच माल देऊ लागतो. सुट्या भागांच्या व्यवसायात बनावट मालाला जो थारा मिळतो, त्याला नकली शिक्के मारणारा जितका जबाबदार, तितकेच त्याच्यासाठी दार उघडे ठेवणारे मोघम मागणीपत्रही जबाबदार आहे.

नियम आणि भीती

येथे कोणी म्हणेल, की सरकारी नियमच कमीत कमी दराचा आग्रह धरतात, त्याला कारकुनाने काय करावे? हे अर्धसत्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत खरेदीची जी मूलतत्त्वे सांगितली आहेत, त्यांत मालाचा दर्जा, प्रकार व संख्या प्रत्यक्ष गरजेनुसार स्पष्टपणे नमूद करावी, असे तत्त्व आहे. एवढेच नव्हे, तर असलेल्या यंत्रसामग्रीशी सुटे भाग जुळावेत म्हणून एखादी वस्तू विशिष्ट उत्पादकाकडूनच घेणे आवश्यक असेल, तर सक्षम तंत्रज्ञाच्या सल्ल्याने व अधिकाऱ्याच्या मान्यतेने तशी खरेदी करण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. महाराष्ट्र शासनानेही १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली. सर्वांत कमी दराचा नियम लावायचा तो मागितलेल्या वर्णनात बसणाऱ्या मालाला. वर्णनच नसेल तर नियम कशाला लावणार?

अडचण नियमांपेक्षा भीतीची अधिक आहे. मागणीपत्रात कंपनीचा भाग क्रमांक लिहिला, तर विशिष्ट विक्रेत्यावर मेहेरनजर केल्याचा ठपका येईल, असे कर्मचाऱ्याला वाटते. उलट महाग भाग नाकारून स्वस्त घेतला आणि तो तीन महिन्यांत निकामी झाला, तर त्याबद्दल त्याला सहसा कोणी विचारीत नाही. दराची नोंद कागदावर राहते, टिकाऊपणाची राहत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याचे लेखापरीक्षण होत नाही. अशा स्थितीत मोघम लिहिणे हेच कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षित ठरते. त्याला दोष देण्यापेक्षा ही व्यवस्था बदलणे अधिक उचित होईल. भाग क्रमांक लिहून त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ असे म्हणता येते. मात्र समतुल्य कशाला म्हणायचे, म्हणजे माप, धातू, चाचणीचा दाखला आणि हमीचा काळ कोणता, हेही त्याच पत्रात सांगितले पाहिजे. त्याशिवाय ‘समतुल्य’ हा शब्द पळवाट ठरतो.

केवळ किमतीवर विसंबण्याच्या पद्धतीतील उणिवा सरकारलाही जाणवलेल्या आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांनुसार काही प्रकारची बांधकामे व सेवा यांच्या निविदांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा मिळाली. ही मुभा वस्तूंच्या खरेदीसाठी नव्हती. सुट्या भागांच्या बाबतीत गुणवत्तेचा आग्रह धरण्याची जागा त्यामुळे एकच उरते, ती म्हणजे मागणीपत्रातील वर्णन.

स्वस्त म्हणजे काय?

समजा, ब्रेकच्या अस्तरांचा एक संच ४,००० रुपयांना मिळतो आणि ४०,००० किलोमीटर चालतो. दुसरा ३,००० रुपयांना मिळतो आणि २०,००० किलोमीटर चालतो. तक्त्यात दुसरा संच एक हजाराने स्वस्त दिसतो. प्रति किलोमीटर खर्च काढला, तर पहिल्याचा १० पैसे आणि दुसऱ्याचा १५ पैसे येतो. त्यातही दुसरा संच दोनदा बसवावा लागणार, म्हणजे मजुरी दोनदा आणि गाडी उभी राहण्याचा दिवसही दोनदा. गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार थांबत नाहीत. आणि हा भाग ब्रेकचा असल्यामुळे निकृष्टपणाची खरी किंमत रुपयांत मोजता येईलच असे नाही. ती कसारा किंवा खंबाटकी घाटात दुसऱ्याच कोणाला तरी चुकवावी लागते.

कराचा गोंधळ याहून साधा आणि म्हणूनच अधिक वेळा घडणारा. एकाने १०,००० रुपये दर दिला, त्यात कर धरलेला नाही. दुसऱ्याने करासह ११,००० सांगितला. पहिल्याच्या दरात १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळविला की तो ११,८०० होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्क्यांचा एकच दर लागू झाला. तोपर्यंत काही भागांवर २८ टक्के आकारणी होत असे. दर एक झाल्याने हिशेब सोपा झाला, तरी कर धरला आहे की नाही हे विचारावे लागतेच. ज्या व्यावसायिकाला भरलेल्या कराची वजावट मिळते, त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु वातानुकूलित नसलेल्या साध्या बसच्या तिकिटावर हा कर नाही, म्हणून तेवढ्या सेवेपुरती सुट्या भागांवर भरलेल्या कराची वजावटही नाही. तेथे कर हा खराखुरा खर्च ठरतो. वाहतूक खर्च कोणाचा, माल किती दिवसांत पोचणार, दर किती दिवस कायम राहणार आणि जुना भाग परत दिल्यास किती सूट मिळणार, या बाबींचेही असेच आहे. टर्बोचार्जर किंवा स्टार्टर यांसारख्या भागांत जुन्याच्या मोबदल्याची रक्कम लक्षणीय असू शकते आणि मागणीपत्रात तिचा उल्लेख नसेल तर ती दुकानातच राहून जाते.

तेव्हा चांगल्या मागणीपत्रात काय असावे, हे सांगणे अवघड नाही. गाडीचा १७ अक्षरांकांचा चेसिस क्रमांक, इंजिनचा क्रमांक, निर्मितीचे वर्ष व प्रदूषण निकषाचा टप्पा, ज्या यंत्रणेचा भाग हवा तिच्या पट्टीवरील क्रमांक, उत्पादकाच्या सूचीतील भाग क्रमांक, आणि तो बदलला असल्यास नवा क्रमांक, डावा की उजवा, नग किती, मूळ उत्पादकाचाच हवा की अन्य मान्यताप्राप्त कारखान्याचा चालेल, नवा हवा की दुरुस्त केलेला, हमी, मुदत, कर व वाहतूक यांचा वेगवेगळा तपशील. हे सारे एका पानात मावते. ते लिहिण्याआधी मात्र एकाने गाडीखाली शिरून पट्टीवरचा क्रमांक वाचावा लागतो आणि दुसऱ्याने तो सूचीत पडताळावा लागतो. कारागीर आणि कारकून यांच्यात कार्यालयाची जी भिंत असते, ती या कामापुरती तरी पाडली पाहिजे.

अर्थात, यातही तारतम्य हवे. दोन बोल्टांसाठी पाच ठिकाणची दरपत्रके मागवून आठवडाभर गाडी उभी ठेवणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. स्टिग्लर यांचा शोधखर्चाचा मुद्दा हाच. किरकोळ आणि नेहमी लागणाऱ्या भागांसाठी वर्षाचा दर आधीच ठरवून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो या देशाला नवा नाही. राज्य परिवहन उपक्रमांचा संघ १९६५ साली स्थापन झाला तेव्हापासून सार्वजनिक बस उपक्रमांना एका व्यासपीठावर येण्याची सोय झाली. सुट्या भागांसाठी सामाईक दरकरार करणे हे या संघाचे एक प्रमुख काम राहिले आहे. पुण्यातील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून कार्यरत असून तेथे वाहनांच्या भागांच्या चाचण्याही होतात. एक उपक्रम एकट्याने जे ज्ञान जमवू शकत नाही, ते अनेकांनी मिळून जमवायचे, ही यामागची दृष्टी होती. नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि सहकारी साखर कारखाने यांच्याकडेही अवजड वाहने आहेत. त्यांनी अशी सामाईक व्यवस्था उभारण्यास कोणता अडसर आहे?

तीन दरपत्रकांच्या पद्धतीत आणखी एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे तिन्ही विक्रेते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ते नेहमीच खरे नसते. युरोपीय आयोगाने जुलै २०१६ मध्ये मालमोटारी बनविणाऱ्या बड्या कंपन्यांना एकूण २९३ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षे त्यांनी मध्यम व अवजड मालमोटारींच्या यादीतील किमतींबाबत आपसांत संगनमत केल्याबद्दल. तेथे ग्राहकाने कितीही दरपत्रके मागविली असती, तरी त्यांचा पाया एकाच खोलीत ठरलेला होता. भारतातही २००२ च्या स्पर्धा कायद्याने निविदांमधील संगनमत निषिद्ध ठरविले आहे. परंतु संगनमत ओळखण्यासाठी जुने दर, दर देणाऱ्यांची नावे आणि मालाचे नेमके वर्णन यांची सलग नोंद हवी. मोघम पत्रांच्या फाइलींतून असा माग काढता येत नाही.

लहान मालकाचे दुखणे

मोठ्या संस्थांना निदान भांडार आणि भांडारपाल असतो. देशातील मालवाहतुकीचा मोठा भार मात्र एकदोन गाड्यांच्या मालकांवर आहे. कळंबोलीच्या तळावर गाडी बंद पडली, की असा मालक मिस्त्री सांगेल तो भाग, दुकानदार सांगेल त्या दराने आणि बहुधा उधारीवर घेतो. दुकानाबाहेर त्याची गाडी उभी आहे आणि तीत परक्याचा माल आहे, हे दुकानदाराला दिसत असते. घासाघीस करण्याची ताकद माहितीतून येते. आणि भागाचा क्रमांक व छापील किंमत ही प्राथमिक माहितीच त्याच्याजवळ नसते. दिल्लीच्या काश्मिरी गेटसारख्या घाऊक बाजारात तोच भाग काय भावाने मिळतो, हे त्याला कळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही माहिती कोणाच्या ताब्यात असावी, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात, स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील मुख्य ठपका होता. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली, आणि तो प्रवासी मोटारींपुरता होता. तरी त्यातील तत्त्व अवजड वाहनांनाही तितकेच लागू पडते. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारवाहनेही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. पण इच्छेवर सोडलेल्या माहितीने भागणार नाही. चेसिस क्रमांक घातला, की त्या गाडीला लागणाऱ्या प्रत्येक भागाचा क्रमांक आणि कमाल किंमत कोणालाही विनामूल्य पाहता यावी, असे बंधन वाहन उत्पादकांवर घातले पाहिजे. यात त्यांचे कोणतेही तांत्रिक गुपित उघड होत नाही. होईल ते एवढेच, की मालकाला आपल्या गाडीबद्दल दुकानदाराइतके कळू लागेल.

या साऱ्यात शिक्षणसंस्थांनाही काही करण्यासारखे आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढतो आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला मुलगा क्लच उतरवून पुन्हा बसवितो. मागणी नेमकेपणाने लिहिणे ही या दोघांच्या मधली विद्या. ती दोघांपैकी कोणाच्याही अभ्यासक्रमात पुरेशी नाही. परिणामी पहिला कार्यालयात बसून कधीही न पाहिलेल्या वस्तूचे पत्र लिहितो आणि दुसऱ्याला वस्तू ठाऊक असून पत्र लिहिता येत नाही. भांडारातील कारकुनाचे काम दुय्यम मानण्याची आपली सवयही तपासून पाहिली पाहिजे. त्याने लिहिलेल्या चार ओळींवर नंतरच्या सर्व सह्या अवलंबून असतात, आणि त्या ओळी चुकल्या तर वरिष्ठांच्या प्रामाणिकपणानेही सार्वजनिक पैसा वाचत नाही. दरपत्रके तीन मागवावीत की पाच, यावर वाद घालण्यापूर्वी त्या दुकानदारांना नेमके काय विचारले होते, हे मंजुरी देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा वाचून पाहावे. सही करण्याचा अधिकार त्यानंतरचा आहे.